४५० घोडे गेले कुठे?

तुझे प्रश्न दोन, दोन्ही अमेरिकेतल्या जुन्या ‘मसल कार’बद्दलचे. पहिला: शेव्हर्लेच्या १९७०च्या शेव्हेल ४५४ला (४५४ म्हणजे इंजिनाचे घनइंच) कागदावर ४५० हॉर्सपॉवर आणि १९७२च्या शेव्हेल ४५४ला २७०, तर मधल्या दोन वर्षांत १८० घोडे गेले कुठे? दुसरा: मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला १९७०ची एक लाल शेव्हेल एसएस ३९६ (एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’) बघून आलायस, मालक ‘सगळे नंबर मॅचिंग’ म्हणतोय, पंचावन्न हजार डॉलर मागतोय, तर घ्यावी का?

घाईत असशील तर एवढंच वाच: त्यातले बरेचसे घोडे कधी नव्हतेच, आणि गाडीचा व्हिन नंबर (आपल्याकडचा चेसिस नंबर) नीट वाचल्याशिवाय एक डॉलरही देऊ नकोस. वेळ असेल तर चहा घेऊन बस.

मी कराडला इंजिनिअरिंग करून १९८६ साली इकडे आलो आणि निवृत्त होईपर्यंत डेट्रॉईटच्या आसपास टेस्ट सेलमध्येच राहिलो. टेस्ट सेल म्हणजे जाड भिंतींची खोली. त्यात इंजिन डायनॅमोमीटरला जोडायचं आणि काचेपलीकडे बसून त्याचा जोर मोजायचा. १९७१पर्यंत अमेरिकी कंपन्या जो आकडा मिरवत तो ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवरचा. ग्रॉससाठी इंजिन स्टँडवर जवळजवळ उघडं चढवायचे. पंखा नाही, अल्टरनेटरचा भार नाही, एअर क्लीनर काढून ठेवलेला, गाडीच्या सायलेन्सरच्या जागी सेलचे मोकळेढाकळे पाइप, कार्बोरेटरचे जेट आणि ठिणगीचं टायमिंग सर्वांत जास्त ताकद मिळेल असे जुळवलेले. हिशेबात हवाही थंड धरायची, ६० अंश फॅरनहाइट. १९७२पासून ‘नेट’ आलं: इंजिन गाडीत बसल्यावर त्याच्या अंगावर जे जे असतं ते सगळं लावून मोजायचं, आणि हवा ८५ अंशांची धरायची. तू आयटीतला आहेस, तुला एका वाक्यात सांगतो. ग्रॉस म्हणजे सीटीसी, नेट म्हणजे हातात पडणारा पगार.

आता या दोघांतला फरक किती, हे नेमकं दाखवणारं एक वर्ष आहे. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये ३५० घनइंचांचं एलटी-१ इंजिन यायचं. १९७०ला ते ३७० ग्रॉस. १९७१ला ३३० ग्रॉस आणि त्याच इंजिनाचं नेट २७५. १९७२ला २५५ नेट. ३७० वरून २५५, म्हणजे ११५ची घट. त्यातले ४० घोडे १९७१च्या कमी कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) गेले आणि २० पुढच्या वर्षी. उरलेले ५५ नुसते मोजपट्टी बदलल्यामुळे. इंजिन तेच, नट-बोल्टही तेच.

तुझ्या शेव्हेलच्या उदाहरणात आणखी एक गोम आहे. तू दोन वेगळी इंजिनं शेजारी ठेवलीस. १९७०ला ४५४चे दोन अवतार होते. एलएस-६ हा ४५०वाला पहिलवान, ११.२५ला १ कॉम्प्रेशन. तो शेव्हेलला त्या एकाच वर्षी मिळाला. दुसरा एलएस-५, शेव्हेलमध्ये ३६० ग्रॉस. १९७२ला जे २७० दिसतात ते या धाकट्याचे वंशज. धाकट्याचीच वंशावळ बघ: १९७०ला ३६०, १९७१ला ३६५ ग्रॉस आणि २८५ नेट, १९७२ला २७० नेट.

जरा थांब आणि पुन्हा वाच. १९७१ला कॉम्प्रेशन १०.२५ वरून ८.५ वर आणलं आणि आकडा पाचने वाढला! हे धातूत होत नाही, हे जाहिरात खात्यातच होतं. त्याहून मजा म्हणजे हेच एलएस-५ इंजिन १९७०च्या कॉर्व्हेटमध्ये बसलं की ३९०चं व्हायचं. कॉर्व्हेट घरातली थोरली सून, तिच्यापेक्षा धाकटीचे दागिने जास्त दिसून कसं चालेल?

मग एलएस-६चं खरं काय? आमच्याकडे एक जुना ठोकताळा आहे. गाडीने पाव मैल संपवताना गाठलेला वेग ताशी मैलांत घ्यायचा, २३४ने भागायचा, उत्तराचा घन करायचा आणि ड्रायव्हरसकट गाडीच्या पौंडांतल्या वजनाने गुणायचं. त्या काळच्या मासिकांच्या चाचण्यांत एलएस-६ शेव्हेल पाव मैल संपवताना साधारण ताशी १०५ मैलांच्या आसपास असायची. वजन धर ४,००० पौंड. १०५ भागिले २३४ म्हणजे ०.४४९, त्याचा घन ०.०९, गुणिले ४,००० म्हणजे ३६०. सीटीसी ४५०, हातात ३६०. वाईट नाहीच. ७.४ लिटरचं इंजिन, मारुती ८००ची नऊ इंजिनं एकत्र बांधली तर एवढी क्षमता होईल. पण २०१५च्या पाच लिटरच्या मस्टँग जीटीला ४३५ नेट आहेत, आणि ती कॉफी पीत पीत या म्हातारीला मागे टाकते. हे डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या जत्रेत, मोठ्याने बोलू नकोस.

उलटी चोरीही चालायची. फोर्डचं ४२८ कोब्रा जेट १९६८ला आलं ते ३३५ हॉर्सपॉवरचं म्हणून. ज्याने ज्याने ते चालवलं त्याला कळायचं की आकडा बराच दाबलाय. कारण दोन. ड्रॅग रेसिंगमध्ये वजन भागिले हॉर्सपॉवर असे गट पाडायचे, आकडा कमी सांगितला की सोप्या गटात घुसता यायचं. आणि विमा कंपन्या डोळे वटारून बसल्या होत्या. म्हणजे गिऱ्हाईक बघून आकडा कधी फुगवायचा, कधी दाबायचा. या गाड्यांच्या अंगावरचं कुठलंही अक्षर वाचताना हे डोक्यात ठेव, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाशी त्याचं नातं आहे.

मुळात मसल कारच्या जातीचा जन्मच कागदाच्या कसरतीतून झालाय. १९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा दंडक. जनरल मोटर्सच्याच पाँटियाक विभागाचा मुख्य इंजिनिअर तेव्हा जॉन डीलोरियन. त्याच्या माणसांच्या लक्षात आलं की मोठ्या पाँटियाकचं ३८९ आणि मध्यम टेम्पेस्टचं ३२६ बाहेरून सारख्याच मापाचे आहेत, ३८९ त्याच जागी आरामात बसेल. आता दंडक नव्या मॉडेलला लागू होता. ‘ऑप्शन पॅकेज’ला वरून मंजुरी लागत नव्हती. म्हणून १९६४ला टेम्पेस्ट लमान्सवर तीनशेच्या आतबाहेर डॉलरचं एक पॅकेज आलं, नाव फेरारीकडून बिनधास्त उचललेलं: जीटीओ. अपेक्षा ५,००० गाड्यांची होती, खपल्या ३२,४५०. दुसऱ्या वर्षी ७५ हजारांवर. मग वरच्या मजल्यावरच्या कुणालाही दंडक आठवला नाही.

मसल कार म्हणजे एवढंच: मध्यम, स्वस्त, घरगुती गाडी आणि तिच्या पोटात मोठ्या थोरल्या गाडीचं इंजिन. मस्टँग, कॅमॅरो यांना इथले जुने लोक ‘पोनी कार’ म्हणून वेगळ्या पंक्तीला बसवतात. मी त्या वादात पडत नाही, कारण ४२८ घातलेल्या मस्टँगला कोण कुठे बसवणार? तरी या कल्पनेचं सर्वांत शुद्ध रूप माझ्या मते १९६८ची प्लिमथ रोडरनर. किंमत २,८९६ डॉलरपासून. गालिचा नाही, खाली रबराचं मॅट. पुढे बाकासारखी एकसंध सीट. पैसे सगळे ३८३ घनइंचांच्या इंजिनात. आणि वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले ते त्या कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला. हॉर्नही तसाच ‘बीप बीप’. पहिल्याच वर्षी ४५ हजारांच्या आसपास गेल्या. कारखान्यात पाळी करणाऱ्या विशीतल्या पोराला परवडेल अशी वेगवान गाडी. आज लोक त्या काचेच्या पेटीत ठेवतात, हा त्या गाड्यांवर जरा अन्यायच आहे.

आता आवाज. गाडी बघायला गेलास तेव्हा ‘ऐकूनच खलास झालो’ असं लिहिलंयस, म्हणून हे सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी खलास झालास तरी का झालास ते कळेल. शेव्हीच्या (म्हणजे शेव्हर्लेच्या) आठ सिलिंडरच्या व्ही-८चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. विषम नंबरचे सिलिंडर डाव्या बाजूला, सम उजव्या. आता बाजू वाच: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. गणपतीत ताशा वाजवला असशील तर हे हात तुला लगेच बसतील. एका बाजूला लागोपाठ दोन ठोके, मग मोकळी जागा. प्रत्येक बाजूचा धूर वेगळ्या पाइपातून जातो, म्हणून कानाला तो अडखळता गडगडाट येतो. त्यात ‘गरम’ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जास्त ताकदीसाठी घडवलेला) असेल तर आत येणारी आणि बाहेर जाणारी व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडी राहतात, आयडलला इंजिन धापा टाकल्यासारखं डुलतं. बुलेटच्या फायरिंगवर जीव टाकणारी आपली माणसं इथे आली की या आवाजाला पाघळतातच. पण असा कॅम कुठल्याही साध्या इंजिनात चारशे-पाचशे डॉलरच्या सुट्या भागांनी बसवता येतो. आवाज पुरावा नव्हे.

या गाड्या संपल्या कशा, त्याबद्दल एक गैरसमज आहे. सगळे म्हणतात १९७३च्या तेलसंकटाने मारल्या. जीटीओचेच खपाचे आकडे घे: १९६९ला ७२ हजारांवर, १९७०ला ४० हजारांच्या आसपास, १९७१ला साडेदहा हजार, १९७२ला सहा हजारांच्या आत. अरबांनी तेल रोखलं ऑक्टोबर १९७३ला. म्हणजे तेरावं आधीच झालं होतं. मारलं विम्याने. पंचविशीच्या आतला पोरगा आणि मोठं इंजिन अशी जोडी दिसली की विमा कंपनी असा हप्ता सांगायची की गाडीचा हप्ता बरा. दुसरीकडे १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, पुढे येणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी शिसं नसलेलं पेट्रोल लागणार हे दिसू लागलं, आणि शिशाविना जास्त कॉम्प्रेशन पेललं नसतं. म्हणून जनरल मोटर्सने १९७१लाच सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. क्रायस्लरचं ४२६ हेमी, ४२५ घोड्यांचं, त्याच वर्षी बंद झालं. तेव्हा ते घ्यायला जवळपास नऊशे डॉलर जास्त मोजावे लागत, म्हणून फारच थोड्यांनी घेतलं. १९७१ची हेमी इंजिनाची, उघड्या छताची ‘कुडा’ (प्लिमथ बाराकुडा) फक्त ११ बनली. त्यातली एक २०१४ला लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

आणि इथून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची वाट सुरू होते. जी गोष्ट तेव्हा नऊशे डॉलरची होती ती लाखांची झाली, की नकली माल आलाच.

माझीच फजिती सांगतो. १९९६ला मी पहिली शेव्हेल घेतली. १९७०ची एसएस ३९६, हिरवी, पांढरे पट्टे. विकणारा सभ्य माणूस, घर नीटनेटकं, गाडीत त्याने बायकोला लग्नाची मागणी घातलेली वगैरे. मी आणली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, शेजारची म्हातारी खिडकीतून बघत राहिली. पाच उन्हाळे चालवली. दर ऑगस्टला वुडवर्डला न्यायचो. वुडवर्ड ॲव्हेन्यू म्हणजे डेट्रॉईटपासून पाँटियाक गावापर्यंत जाणारा रुंद रस्ता. साठच्या दशकात इथे रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या, आणि त्यात कारखान्यांतले इंजिनिअरही ‘चाचणी’ म्हणून उतरायचे असं माझ्या वरिष्ठांनी मला सांगितलंय. १९९५ला डेट्रॉईटजवळच्या फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी जमवायला जुन्या गाड्यांची एक फेरी काढली, त्याची आता जत्रा झालीय. ऑगस्टचा तिसरा शनिवार, फर्नडेल ते पाँटियाक पंचवीस किलोमीटरची गाड्यांची रांग. दोन्ही कडेला घडीच्या खुर्च्या टाकून म्हातारे बसतात. त्यातल्या कितीतरी जणांनी याच गाड्यांचे दरवाजे लावलेत, इंजिनं उतरवलीत.

अशाच एका खुर्चीवरचा एक आजोबा २००१ला उठून माझ्या गाडीपाशी आला. बॉनेटकडे बघितलंही नाही. वाकून पुढच्या काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यातली पट्टी वाचली आणि मला विचारलं, “मूळचं सहा सिलिंडरचं काय केलंस?”

१९६८पासून व्हिनची पट्टी पुढच्या काचेतून बाहेरूनच दिसते. १९७०च्या शेव्हेल मालिबू कूपेचा नंबर १३६३७ने सुरू होतो तो व्ही-८ असेल तर. सहा सिलिंडर असेल तर १३५३७. तिसरा आकडा सम म्हणजे आठ, विषम म्हणजे सहा. माझा होता पाच. माझी ‘एसएस ३९६’ आयुष्याच्या सुरुवातीला कुणाच्या तरी शांत काकूंची सहा सिलिंडरची मालिबू होती. बिल्ले, पट्टे, बॉनेट, इंजिन सगळं नंतरचं. घरी येऊन गाडी वर घेतली आणि मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजले. खऱ्या एसएसला बारा. माझे दहा. पाच वर्षांत दोनदा त्यातलं ऑईल मीच बदललं होतं. दिवसभर इंजिनं मोजून पगार घेणारा माणूस मी, आणि काचेतून दिसणारा आकडा वाचला नव्हता. बायको अजूनही भाजी घेताना म्हणते, “नीट बघून घ्या, बारा आहेत ना.”

आता तुझ्या लाल गाडीकडे. शेव्हेलचा त्रास असा की १९७०ला एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, पॅकेज होतं. त्यामुळे १३६३७ आला तर गाडी व्ही-८ मालिबू म्हणून जन्मली एवढंच सिद्ध होतं, एसएस होती की नव्हती हे व्हिन सांगत नाही. शेव्हर्लेची अमेरिकेतली जुनी बिलं-रेकॉर्ड गाडीवार मिळत नाहीत. म्हणून या गाड्यांच्या नकला सर्वांत जास्त. मग पुरावा काय? बिल्ड शीट, म्हणजे असेंब्ली लाइनवर गाडीसोबत फिरणारा कागद; पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, बहुधा उंदराने कुरतडलेला. किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत असणारी छोटी धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, तिच्यावर इंजिनाचा कोड उठवलेला असतो. किंवा पहिल्या डीलरचं बिल. यातलं काहीच नसेल तर ती किंमत एसएसची नाही.

‘नंबर्स मॅचिंग’चा अर्थही नीट समजून घे. आपल्याकडे आरसी बुकावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. इथल्या टायटलवर फक्त व्हिन. इंजिन कुठलंही असो, सरकारला देणंघेणं नाही. म्हणून इंजिनावर जाऊन वाचावं लागतं. शेव्ही व्ही-८ला उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते. तिथे कारखान्याचं अक्षर (मोठी इंजिनं न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाची, म्हणून ‘टी’), महिना-तारीख आणि शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं ठोकलेली असतात. जवळच व्हिनचा शेवटचा भाग. तो गाडीच्या व्हिनशी जुळला तर मॅचिंग. पण ठोकलेले आकडे पुन्हा ठोकताही येतात. म्हणून आकड्यांपेक्षा त्यांच्याखालचा पृष्ठभाग बघ. कारखान्यात तो भाग ब्रोचिंगने तासायचे, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल किंवा रेषा सॅंडपेपरने आडव्यातिडव्या मारलेल्या असतील तर कुणीतरी जुनं खोडून नवं लिहिलंय. तारखाही लाव. ब्लॉक ओतल्याची तारीख, मग इंजिन जुळवल्याची, मग गाडी बनल्याची, हाच क्रम हवा. बारसं आधी आणि बाळंतपण नंतर असं दिसलं तर हसून निघून ये.

एक गंमत. तुझ्या मालकाने ‘इंजिन ३९६ नाही, ४०२ आहे’ असं सांगितलं तर घाबरू नकोस. १९७०च्या एसएस ३९६मध्ये कंपनीनेच ४०२ घनइंचांचं इंजिन घातलं, बिल्ला मात्र नावाजलेला म्हणून ३९६चाच ठेवला. उलट तो बिल्ल्यावरचंच खरं मानत असेल तर त्याला आपली गाडी फारशी माहीत नाही.

कागदाच्या बाबतीत बाकीची घराणी बरी. क्रायस्लरच्या व्हिनमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं: १९७०ला ‘आर’ म्हणजे हेमी, ‘व्ही’ म्हणजे ४४० सिक्स पॅक. इंजिन गेलं तरी जन्मखूण राहते. १९६६ ते १९७१च्या जीटीओचा व्हिन २४२ने सुरू होतो, आणि पाँटियाकची कारखान्याची कागदपत्रं आजही पैसे भरून मागवता येतात. फोर्डचंही १९६७पासूनचं उत्पादनाचं रेकॉर्ड शिल्लक आहे, त्यावरून तुझ्या गाडीचा अहवाल निघतो. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी म्हणूनच सांगतो, आधी कागद कुठल्या घराण्याचे मिळतात ते बघ, मग रंग.

गंजाबद्दल थोडक्यात, कारण मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि इथल्या गाड्या खालून खाल्ल्या जातात. मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ, पुढच्या-मागच्या काचेखालची पत्र्याची पट्टी, आणि व्हिनाइलचं छत असेल तर त्याच्या कडा. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरव. चिकटलं नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. पेंटरने किती लांबी भरलीय हे पंचावन्न हजार दिल्यावर कळण्यात अर्थ नाही. इंजिन काय, आठवड्यात उतरवून बांधता येतं. चेसिसची फ्रेम कुजली असेल तर गाडी कुणाचीही असो, नको.

घेतलीस तर रोज काय भोगायचं तेही ऐक. ॲव्हरेज लिटरला चारच्या आसपास. जास्त कॉम्प्रेशनच्या मूळ इंजिनाला आजचं ९३ ऑक्टेनही कमी पडतं, खटखट ऐकू आली की टायमिंग मागे घ्यायचं किंवा रेसिंगचं महाग पेट्रोल मिसळायचं. १९७१-७२च्या ‘कमजोर’ गाड्या इथेच बाजी मारतात. पंपावरचं साधं पेट्रोल गुपचूप पितात. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या खातं, त्या आधी बदल. जुन्या पद्धतीच्या कॅमला जस्त जास्त असलेलं ऑईल लागतं, आजच्या साध्या ऑईलवर कॅमचे उंचवटे झिजतात. माझा एक कॅम मी असाच घालवला. ब्रेकबद्दल: एसएसला पुढे डिस्क आहेत, पण मालिबूवर फक्त बिल्ले चिकटवले असतील तर चारही चाकांना ड्रम असण्याची शक्यता आहे. त्यांच्यावर पिकअपचा मोह झाला की आधी पुढच्या सिग्नलचा विचार कर.

नकली गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. माझी ती हिरवी मालिबू मी अजूनही चालवतो, फक्त बिल्ले काढून टाकले. प्रामाणिकपणे ‘क्लोन’ म्हणून विकणाऱ्याकडून क्लोनच्या किमतीला घेतलीस तर चालवायला तीच मजा, ओरखडा पडला तर झोप उडत नाही. किंवा साध्या ३५० इंजिनाची मालिबू, ओल्ड्समोबिल कटलस, ब्यूक स्कायलार्क बघ. जनरल मोटर्सच्या या सगळ्यांचा सांगाडा एकाच घरातला, कुणी त्यांची नक्कल करायच्या भानगडीत पडत नाही.

तर शनिवारी पुन्हा जाणार असशील तर टॉर्च, हातात मावेल असा आरसा, लोहचुंबक आणि वायर ब्रश ने. आधी काचेतून व्हिनचा फोटो काढ. तिसरा आकडा पाच निघाला तर मला फोन करायचीही गरज नाही, वाटेत चेरी पाय घेऊन घरी ये. सहा निघाला तर मीही येतो, कागद बघू, गाडी वर घेऊ, बोल्ट मोजू. फक्त मालकाला आदल्या दिवशी सांग की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे याची खात्री करायची आणि मगच स्टार्टर. पहिल्या मिनिटाला मागून निळा धूर किती येतो, ते मला बघायचंय.